श्रीरामपूर मिशन आणि तिची दफनभूमी : खांदा देणाऱ्यांचा इतिहास

कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या पश्चिम तीरावर बंगालमधले श्रीरामपूर वसले आहे. समोरच्या तीरावर बराकपूर, म्हणजे इंग्रजांची जुनी छावणी. सव्वादोनशे वर्षांपूर्वी या दोन काठांवर दोन वेगळी राज्ये होती. बराकपुरात कंपनी सरकारचा अंमल होता, तर श्रीरामपूर डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते आणि त्याचे सरकारी नाव फ्रेडरिक्सनगर असे होते. या लहानशा गावात १० जानेवारी १८०० रोजी विल्यम कॅरी आपला कुटुंबकबिला घेऊन उतरले आणि श्रीरामपूर मिशनची घडी बसली. त्या घटनेला सव्वादोनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी मिशनचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा तो कुठून सुरू करावा असा प्रश्न पडला नाही. तो दफनभूमीपासूनच सुरू करायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

त्याला कारण आहे. नदीकाठावरचे कॉलेज, तिथला भव्य खांबांचा दर्शनी भाग आणि ग्रंथालय पाहून माणूस विल्यम कॅरी हे एकच नाव घेऊन परत जातो. दफनभूमीत मात्र त्या एका नावाशेजारी बाकीची नावे वाचावी लागतात. छापखाना सांभाळणारा, शाळा चालवणारी, मन हरवलेली, परक्या मुलांना पोटाशी धरणारी, विज्ञान शिकवणारा, अशी ही सारी माणसे. मिशन एका माणसाने उभे केलेले नाही. ते एका मेजावर जेवणाऱ्या आणि एकमेकांना खांदा देणाऱ्या माणसांनी उभे केले. हे तिथल्या थडग्यांइतके स्पष्ट दुसरीकडे कुठेही दिसत नाही.

डेन्मार्कच्या झेंड्याखाली

श्रीरामपुरात जुन्या ख्रिस्ती दफनभूमी दोन. एक डॅनिश अंमलदारांची आणि दुसरी मिशनची. मिशनची हकिगत सांगण्याआधी पहिलीपुढे वाकायला हवे, कारण तिथे ओले बी विसावले आहेत. ते श्रीरामपूरचे डॅनिश गव्हर्नर होते. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्मप्रचाराने रयत बिथरेल आणि व्यापाराला धक्का बसेल, अशी कंपनीला धास्ती होती. ऑक्टोबर १७९९ मध्ये जोशुआ व हॅना मार्शमन, विल्यम वॉर्ड, डॅनियल ब्रन्सडन आणि विल्यम ग्रँट ही मंडळी अमेरिकन जहाजाने आली व थेट श्रीरामपुरात उतरली. इंग्रजांनी त्यांच्याबद्दल विचारणा सुरू केली, तेव्हा ओले बी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. उत्तर बंगालात निळीच्या कारखान्यावर काम करणाऱ्या कॅरींनीही मग इथेच यावे असे ठरले.

ओले बी १८०५ मध्ये वारले. त्यांच्या प्रयत्नांतून उभे राहत असलेले सेंट ओलाव्ह चर्च पुढच्या वर्षी पुरे झाले. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांच्या स्मरणार्थ त्या चर्चमध्ये शिलाफलक आहे. मधल्या काळात पडझड झालेल्या या चर्चची अलीकडे नेटकी दुरुस्ती झाली आणि २०१६ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

नव्याने आलेल्यांपैकी ग्रँट काही आठवड्यांतच तापाने गेले. ब्रन्सडन १८०१ मध्ये गेले. जॉन फाउंटन आणि कॅरींबरोबर हिंदुस्थानात आलेले डॉक्टर जॉन थॉमस हेही १८०० आणि १८०१ या दोन वर्षांतच दगावले. मिशनला स्वतःची दफनभूमी मिळण्याआधीच चार सहकारी मातीआड झाले होते. उरलेल्या तिघांनी, कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी, पुढची वीस वर्षे एकत्र काढली. ‘श्रीरामपूर त्रयी’ हे नाव रूढ झाले ते त्यांच्यावरून.

नदीकाठचे मोठे घर विकत घेऊन सर्व कुटुंबे एकाच आवारात राहू लागली. स्वयंपाक एक, तिजोरी एक. कॅरींना कोलकात्यातल्या फोर्ट विल्यम कॉलेजात आरंभी दरमहा ५०० रुपये पगार मिळू लागला. मार्शमन पतिपत्नींच्या शाळेचे उत्पन्न आणि वॉर्डच्या छापखान्याची मिळकत हीही त्याच तिजोरीत जमा होई. प्रत्येक कुटुंबाला गरजेपुरती रक्कम मिळे. १८०५ मध्ये त्यांनी हे सारे एका करारनाम्यात लिहून काढले. आपल्यापैकी कोणी खाजगी धन साठवू लागला, तर मिशन त्याच दिवसापासून ढासळेल, असा त्याचा आशय होता. हा करारनामा वर्षातून तीनदा सर्वांसमोर वाचला जाई.

पीटर आणि गोकुळ

मिशनच्या दफनभूमीचे मूळ एका लहान मुलाच्या मृत्यूत शोधावे लागते, आणि तो मृत्यू श्रीरामपुरात झालेला नाही.

१७९४ साली कॅरी मालदा भागातल्या मदनाबाटीला निळीच्या कारखान्याची देखरेख करत होते. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर तिथे हगवणीने गेला. बाप स्वतः तापाने फणफणलेला, आई शोकाने सैरभैर. अशा वेळी शवपेटी करायला सुतार मिळेना, खड्डा खणायला मजूर मिळेना, प्रेत उचलायला माणूस मिळेना. प्रेताला शिवले तर जात बाटेल, ही भीती. शेवटी काही मुसलमान मजुरांनी खड्डा खणला, तर गावाने त्यांनाही वाळीत टाकले. घरच्या गड्याने आणि मेहतराने त्या पोराला खड्ड्यापर्यंत पोचवले.

नऊ वर्षांनंतरची गोष्ट. ऑक्टोबर १८०३. श्रीरामपूरच्या मंडळीत गोकुळ नावाचा बंगाली सभासद होता. देशी सभासदांमधला पहिला मृत्यू त्याचा. आपल्या माणसांना मूठमाती द्यायला मिशनने थोड्याच दिवसांपूर्वी जमिनीचा एक तुकडा विकत घेतला होता. तीच ही दफनभूमी.

तोवर बंगालमध्ये अशा अंत्ययात्रेची रीत निराळी होती. गरीब पोर्तुगीज वंशाचे भाडोत्री खांदेकरी आणायचे आणि त्यांच्या हाती प्रेत सोपवायचे. नातलग दूर राहत, कारण प्रेत उचलणे हे हलके काम समजले जाई. गोकुळच्या वेळी मिशनने ही रीत मोडली. शवपेटी बनवली ती कृष्ण पालने. हा मिशनच्या हातून बाप्तिस्मा घेतलेला पहिला बंगाली माणूस आणि पेशाने सुतार. त्याने पदरच्या पैशाने मलमल आणली आणि पेटी आतून-बाहेरून पांढऱ्या मलमलीने मढवली. रस्त्यावर माणसांची दाटी झाली. पेटी उचलायला चौघे पुढे आले, ते जोशुआ मार्शमन, फेलिक्स कॅरी, भैरव आणि पीरू. भैरव जन्माने ब्राह्मण, पीरू जन्माने मुसलमान, मार्शमन इंग्लंडातल्या विणकराचा मुलगा, आणि फेलिक्स हा मदनाबाटीला गेलेल्या त्या लहान पीटरचा थोरला भाऊ. धाकट्या भावाला उचलायला माणूस मिळत नाही हे त्याने पोरवयात पाहिले होते. आता सतरा-अठरा वर्षांचा तो तरुण एका बंगाल्याच्या पेटीला खांदा देत होता. बंगाली भजन म्हणत ही मंडळी दफनभूमीकडे चालली.

पाहणारे लोक थक्क झाले, असे मिशनच्या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. त्यांचे थक्क होणे स्वाभाविक होते. जातीचे बंधन माणसाच्या जेवणापासून सरणापर्यंत पोचते, आणि ते या चौघांच्या खांद्यावर उघड उघड तुटलेले दिसले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कृष्णप्रसाद नावाच्या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाने कृष्ण पालच्या मुलीशी लग्न केले होते. एक ब्राह्मण आणि सुताराची मुलगी. एकाच वर्षात लग्न आणि मर्तिक, दोन्ही ठिकाणी जातीची भिंत ओलांडली गेली. मिशनच्या इतिहासात ग्रंथांची यादी लांबलचक आहे. तरीही माझ्या लेखी १८०३ हे वर्ष तिच्याहून वरचे आहे, कारण त्या वर्षी मिशनने जे शिकवले ते आचरणात आणून दाखवले.

आगीतून वाचलेले पंच : विल्यम वॉर्ड

त्रयीतले पहिले गेले ते वयाने सर्वांत लहान असलेले विल्यम वॉर्ड. जन्म १७६९, गाव डर्बी. मुद्रण शिकले, वर्तमानपत्राचे संपादन केले आणि तिसाव्या वर्षी श्रीरामपुरात येऊन छापखान्याचे काम अंगावर घेतले. कॅरींनी मदनाबाटीहून आणलेला एक लाकडी छापयंत्र, एवढेच त्या वेळचे भांडवल. १८०० च्या मार्चमध्ये बंगाली नव्या कराराचे पहिले पान छापले गेले आणि १८०१ च्या फेब्रुवारीत पुस्तक पुरे झाले. पाठोपाठ काशीरामदासांचे बंगाली महाभारत आणि कृत्तिवासांचे रामायणही याच छापखान्याने छापले.

वॉर्डची खरी परीक्षा झाली ती ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी. छापखान्याच्या लांब इमारतीत एका टोकाला आग लागल्याचे त्यांच्या ध्यानात आले. हवा मिळाली नाही तर आग विझेल, या हिशेबाने त्यांनी दारे-खिडक्या बंद करवल्या आणि छपरातून पाण्याचा मारा सुरू ठेवला. काही तास आग आटोक्यात राहिली. मग घाईत कोणीतरी एक खिडकी उघडली. वारा आत शिरताच ज्वाळा भडकल्या आणि मध्यरात्रीपर्यंत छप्पर कोसळले. कागदाचे गठ्ठे, अनेक लिप्यांचे खिळे आणि कॅरींच्या बहुभाषी कोशाचे हस्तलिखित जळून खाक झाले. हजारो रुपयांचे नुकसान झाले आणि हस्तलिखित तर कायमचेच गेले.

कॅरी त्या वेळी कोलकात्यात होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन नावेने जाऊन त्यांना ही वार्ता सांगून आले. वॉर्ड मात्र राखेत शोध घेत राहिले आणि त्यांना ढिगाऱ्याखाली पंच सापडले. पंच म्हणजे पोलादी कांड्यांच्या टोकावर कोरलेली अक्षरे. यांच्यावरून मुद्राळे ठोकतात आणि मुद्राळ्यात शिसे ओतून खिळे तयार होतात. खिळे वितळले तरी पुन्हा ओतता येतात, पण पंच गेले असते तर कारागिरांची वर्षांची मेहनत वाया गेली असती. वितळलेला धातू गोळा झाला, शेजारची रिकामी वखार मिळाली, कारागीर दिवसरात्र बसले आणि काही आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. इंग्लंडमधल्या मंडळ्यांनी नुकसान भरून काढण्यापुरता पैसा थोड्याच काळात गोळा केला.

वॉर्ड ७ मार्च १८२३ रोजी पटकीने गेले. दोन-तीन दिवसांपूर्वी धडधाकट असलेला माणूस अचानक नाहीसा झाला. त्रयी तुटली ती तिथे.

मार्शमन पतिपत्नी

जोशुआ मार्शमन यांचा जन्म १७६८ चा. विणकराच्या घरचे, पण पुस्तकांचे मोठे वेडे. बायबलच्या चिनी भाषांतरावर त्यांनी अनेक वर्षे घालवली आणि १८२२ मध्ये ते तडीस नेले. कॅरींबरोबर वाल्मीकी रामायणाच्या संपादनाचे व इंग्रजी भाषांतराचे कामही त्यांनी केले. राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या उपदेशांचे संकलन काढले, तेव्हा मार्शमननी त्यांच्याशी जोरदार वाद घातला. आज तो वाद वाचताना मतभेदापेक्षा दोघांच्या अभ्यासाचाच दरारा वाटतो. १८१८ च्या मे महिन्यात निघालेले ‘समाचार दर्पण’ हे बंगाली वृत्तपत्र त्यांचे पुत्र जॉन क्लार्क मार्शमन यांनी संपादिले.

हॅना मार्शमन यांचा उल्लेख बहुतेक इतिहासांत ‘मार्शमनांच्या पत्नी’ म्हणून उरकला जातो. वास्तविक १८०० च्या मे महिन्यापासून त्यांनी नवऱ्यासह चालवलेल्या निवासी शाळांच्या पैशावर मिशनचा गाडा बऱ्याच अंशी चालत होता. देशी मुलींच्या शिक्षणासाठी त्या जन्मभर झटल्या. त्यांना १२ अपत्ये झाली, त्यांतली निम्मीच जगली. कॅरींच्या घरी आईची सावली नाहीशी झाली, तेव्हा त्या मुलांनाही त्यांनीच जवळ केले. जोशुआ डिसेंबर १८३७ मध्ये गेले. हॅना त्यांच्यामागे दहा वर्षे जगल्या आणि १८४७ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्याच मातीत विसावल्या. श्रीरामपूर मिशनचा सारा उदयास्त आपल्या डोळ्यांनी पाहिलेली ती एकटी स्त्री होती.

डोरोथी, शार्लट, ग्रेस

कॅरींच्या मृत्युलेखाशेजारी तीन स्त्रियांचा इतिहास उभा आहे. पहिली डोरोथी. १७८१ मध्ये लग्न झाले, तेव्हा तिला लिहिता-वाचता येत नव्हते. १७९३ मध्ये नवऱ्याने हिंदुस्थानात जायचे ठरवले आणि ती नाही म्हणाली. ऐनवेळी, तान्हे मूल कडेवर असताना, बहिणीला सोबत घेऊन निघायला ती तयार झाली. पीटरच्या मृत्यूनंतर तिचे मन विस्कटले ते पुन्हा सावरले नाही. श्रीरामपुरातली तिची वर्षे बंद खोलीत गेली. शेजारच्या खोलीत नवरा भाषांतरे करत होता. ८ डिसेंबर १८०७ रोजी ती सुटली.

मिशनच्या यशाचा हिशेब मांडताना ही बाजू लपवून चालणार नाही. ज्या कामाचे आपण गोडवे गातो, त्याची जबर किंमत या बाईने मोजली आणि ती मोजायला तिची मनापासून संमती कधीच नव्हती. तिच्या कबरीशी उभे राहिल्यावर कॅरींबद्दलचा आदर कमी होत नाही, पण तो अधिक खरा होतो.

१८०८ मध्ये कॅरींनी शार्लट रूमोर या डॅनिश बाईंशी लग्न केले. शरीराने अधू, पण बुद्धीने तल्लख आणि अनेक भाषा जाणणाऱ्या शार्लट त्यांच्या भाषांतरकामाच्या सोबती झाल्या. १८२१ च्या मेमध्ये त्या गेल्या. पुढे तिसऱ्या पत्नी ग्रेस ह्यूज यांनी म्हातारपणात कॅरींची शुश्रूषा केली आणि त्यांच्यानंतर पुढच्याच वर्षी त्याही गेल्या.

फेलिक्स, तो खांदेकरी तरुण, वॉर्डच्या हाताखाली छपाई शिकला, ब्रह्मदेशात गेला. १८१४ मध्ये इरावती नदीत नाव बुडून त्याची बायको आणि मुले गेली. श्रीरामपुरात परतून त्याने बंगालीत शरीरशास्त्रावर ‘विद्याहारावली’ हा ग्रंथ लिहिला आणि १८२२ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो वारला. त्याच वर्षी कृष्ण पालही पटकीने गेला. १८२१ ते १८२३ या तीन वर्षांत कॅरींनी पत्नी, थोरला मुलगा, पहिला शिष्य आणि वॉर्ड या चौघांना निरोप दिला.

विल्यम कॅरी

कॅरी ९ जून १८३४ रोजी वारले. वय ७२. नॉर्थॅम्प्टनशायरमधला हा चांभारकाम करणारा मुलगा गावच्या मंडळीचा पाळक झाला आणि हिंदुस्थानात येऊन संस्कृत, बंगाली व मराठीचा प्राध्यापक झाला. १८०७ पासून त्यांना दरमहा १००० रुपये पगार होता. तरी मृत्युपत्रात सोडायला त्यांच्याजवळ पैसा नव्हता. श्रीरामपूरच्या मिळकतीवर आपला कोणताही हक्क नाही, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले. जाबेझ नावाच्या मुलाला आपण काहीच देऊ शकलो नाही, म्हणून आपली पुस्तके विकून त्याला १५०० रुपये द्यावेत, अशी त्यांनी सोय केली. शिंपले, पोवळी, कीटक वगैरेंचा संग्रह कॉलेजाला दिला.

अंत्ययात्रेच्या दिवशी डॅनिश झेंडा अर्ध्यावर उतरवला होता. गव्हर्नर आणि त्यांची मंडळी हजर होती. वाटेवर दुतर्फा गावातले गोरगरीब उभे होते, त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही. शार्लटच्या शेजारी आपल्याला पुरावे आणि दगडावर नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा व स्तोत्रकार वॉट्सच्या एका स्तोत्रातल्या दोन ओळी, एवढेच कोरावे, अशी त्यांची आज्ञा होती. त्या ओळींत माणूस स्वतःला दीन आणि असहाय म्हणवतो आणि देवाच्या हातांवर विसावतो. तितकेच कोरले गेले. चाळीसेक भाषांत बायबल अंशतः वा पूर्ण छापणाऱ्या, ४ डिसेंबर १८२९ चा सतीबंदीचा कायदा हाती पडताच रविवारचे प्रवचन दुसऱ्यावर सोपवून त्याच दिवशी बंगालीत उतरवणाऱ्या माणसाच्या कबरीवर कामाचा एक शब्दही नाही.

कॅरींचे एक स्मारक मात्र आपल्या सह्याद्रीत उभे आहे. ते वनस्पतींचे जाणकार होते. श्रीरामपुरात त्यांनी मोठी बाग केली, विल्यम रॉक्सबर्ग यांच्या वनस्पतिशास्त्रीय ग्रंथांचे संपादन केले, १८२० मध्ये हिंदुस्थानची कृषी व उद्यान संस्था स्थापन केली. रॉक्सबर्ग यांनी त्यांच्या गौरवार्थ एका वृक्षवंशाला ‘कॅरेया’ हे नाव दिले. कॅरेया आर्बोरिया म्हणजे आपला कुंभा. वणव्यातही तग धरणारी जाड साल आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारी, केसरांनी भरलेली मोठी पांढरी-गुलाबी फुले, हे त्याचे लक्षण. घाटातल्या माणसाला तो ओळखीचा आहे. त्याच्या नावात श्रीरामपूर दडलेले आहे, हे सांगायला हवे.

मराठीचे देणे, आणि जे इथे पुरलेले नाहीत

मराठी वाचकाचे श्रीरामपूरशी थेट नाते आहे. १८०४ पासून कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवू लागले. १८०५ मध्ये त्यांचे मराठी भाषेचे व्याकरण निघाले. त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला आणि त्यासाठी मोडीचे खिळे पाडले गेले. मराठी माणूस कागदपत्रांत मोडी लिहितो हे ओळखून हा खर्च केला होता. पाठोपाठ मोडीत ‘सिंहासन बत्तिशी’ १८१४ मध्ये, ‘हितोपदेश’ १८१५ मध्ये, तर प्रतापादित्याचे चरित्र आणि नागपूरकर भोसल्यांची वंशावळ १८१६ मध्ये निघाली. पेशवाई अजून शाबूत होती आणि पुण्यात एकही छापखाना नव्हता, तेव्हा सुमारे हजार मैलांवर हुगळीच्या काठी मराठी गद्य छापले जात होते.

या मराठीवर नागपुरी वळण दिसते, अशी टीका पुढच्या अभ्यासकांनी केली आणि ती बरोबर आहे. त्याचे कारण म्हणजे पंडित वैजनाथ. नागपूरकडचे हे विद्वान फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीचे पंडित होते. कॅरींच्या मराठी ग्रंथांत शब्द वैजनाथांच्या कानाचे आणि जिभेचे आहेत. ‘सिंहासन बत्तिशी’ तर त्यांनीच मराठीत आणली. दफनभूमीत त्यांचे नाव असण्याचे कारण नाही, पण मिशनच्या इतिहासात ते कॅरींच्या बरोबरीने यायला हवे.

पंचानन कर्मकारांचेही तसेच. चार्ल्स विल्किन्स यांच्यासोबत बंगाली खिळे कोरायला शिकलेला हा कारागीर श्रीरामपुरात आला, त्याने नागरीचे खिळे घडवले आणि थोड्याच वर्षांत, १८०४ च्या सुमारास, तो गेला. त्याचा जावई मनोहर याने पुढे चाळीसेक वर्षे ते काम चालवले. हिंदू कारागीर म्हणून पंचाननचा अंत्यविधी त्याच्या रीतीने झाला. आगीतून वॉर्डनी वाचवलेले पंच होते कुणाच्या हातचे? या कर्मकारांच्या आणि त्यांच्या शागिर्दांच्या. मिशनच्या ग्रंथांवर कॅरींचे नाव असते, अक्षराचा आकार मात्र या लोहारांचा आहे.

मराठी ख्रिस्ती मंडळीचा धागाही बंगालमधूनच जातो. १८१२ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी कोलकात्यात उतरले. कंपनीने हुसकावल्यावर ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोचले आणि मराठी मिशनला सुरुवात झाली. त्यांचा मराठी नवा करार १८२६ मध्ये निघाला. त्याच वर्षी हॉल नाशिकच्या वाटेवर दोडी दापूर गावी पटकीने वारले आणि तिथेच त्यांना मूठमाती मिळाली.

कॉलेज, आणि आजची जबाबदारी

१८१८ मध्ये त्रयीने श्रीरामपूर कॉलेज काढले, त्याची दारे सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुली ठेवली. मार्शमन कोपनहेगनला गेले, राजाला भेटले आणि २३ फेब्रुवारी १८२७ च्या सनदेने कॉलेजाला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. १८४५ मध्ये डेन्मार्कने श्रीरामपूर इंग्रजांना विकले, तरी हा अधिकार अबाधित ठेवण्याची अट करारात होती. त्याच वर्षी जॉन मॅक पटकीने गेले. हे एडिंबराहून आलेले अध्यापक. बंगालीतले रसायनशास्त्राचे पहिले पुस्तक त्यांनी १८३४ मध्ये लिहिले. कॅरींच्या मृत्यूनंतर प्रवचन करणारेही तेच. ते याच मातीत विसावले आहेत. आज पुण्यातल्या युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीसारख्या संस्था श्रीरामपूर कॉलेजाच्या पदव्या देणाऱ्या सिनेटशी जोडलेल्या आहेत, म्हणजे महाराष्ट्रातल्या अनेक पाळकांच्या पदवीवर या गावाचे नाव आहे.

ज्यांच्या पदवीवर हे नाव आहे, त्यांनी इथली नावे ओळखायला हवीत. कॅरींच्या बरोबरीने डोरोथी, हॅना, वॉर्ड, फेलिक्स, मॅक आणि गोकुळ ही नावे आपल्या मंडळ्यांत आणि वर्गांत घेतली गेली पाहिजेत. वैजनाथ पंडितांचे आणि कर्मकारांचे काम मराठीच्या अभ्यासक्रमात यायला हवे. १८०५ चे व्याकरण आणि १८१० चा मोडी कोश नव्या पिढीला सहज हाती लागतील अशा रूपात छापले गेले पाहिजेत. मोडी वाचणारी माणसे महाराष्ट्रात अजून आहेत, आणि तीच हे काम करू शकतील.

दफनभूमी सांभाळणे हे दगड साफ करण्यापुरते काम नाही. गोकुळच्या पेटीला खांदा देणाऱ्या चौघांनी एक कसोटी घालून दिली, की आपल्या माणसाचे ओझे दुसऱ्याच्या हाती सोपवायचे नाही. मराठी ख्रिस्ती समाजात आजही मंडळीत शेजारी बसणारी माणसे लग्नाच्या वेळी जात विचारतात, हे कटू सत्य आहे. १८०३ मध्ये श्रीरामपूरने एका लग्नात आणि एका मर्तिकात जे करून दाखवले, ते २०२५ मध्ये आपल्या मंडळ्यांतून सर्रास घडले, तर मिशनच्या या सव्वादोनशे वर्षांचा खरा सन्मान होईल. ही स्मरणिका वाचणाऱ्या प्रत्येकाने ते काम आपल्या घरापासून सुरू करावे.